नेमलेल्या वेळेचें काम

पुण्याच्या शिवाजीनगर भागांतील हवामानखात्याच्या जुन्या इमारतीला पुणेकर अजूनहि ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. १९२८ सालीं या खात्याचें मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आलें आणि १९४४ सालीं तें दिल्लीस गेलें; तरी नांव मागें राहिलें. त्या काळीं हवामानाचें काम म्हणजे माणसाच्या जागरणाचें काम होतें. ठरलेल्या वेळीं कोणीतरी उठून तापमापकावरचा आंकडा पाहावा, तो वहींत लिहावा, तारेनें पाठवावा, आणि दुसऱ्या कोणी ते सारे आंकडे नकाशावर मांडावे, असा क्रम असे. एखाद्या गांवचा माणूस वेळेवर उठला नाहीं, तर त्या दिवसाच्या नकाशांत तेवढी जागा कोरी राही.

पुढें कामाचा पसारा वाढला. १९६२ सालीं पुण्यांत स्थापन झालेली उष्णदेशीय हवामानविज्ञानाची संस्था आज पाषाण येथें आहे. तेथें २०१८ सालीं ‘प्रत्यूष’ नांवाचा महासंगणक बसविण्यांत आला. त्याची शक्ति ४ पेटाफ्लॉप. सप्टेंबर २०२४ मध्यें आलेल्या ‘अर्क’ या महासंगणकाची शक्ति ११.७७ पेटाफ्लॉप आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे एकावर पंधरा शून्यें इतकीं गणितें एका सेकंदांत. प्रत्यूष म्हणजे पहाट आणि अर्क म्हणजे सूर्य, हीं नांवें समर्पक आहेत. कारण हवामानाच्या गणिताचा दिवस खरोखरच पहाटे सुरू होतो. परंतु एवढें अवाढव्य गणित ठरल्या वेळीं चालू व्हावें म्हणून रोज पहाटे कोणी उठून एकेक आज्ञा टाइप करीत बसणें शक्य नाहीं. आज्ञा आधीं लिहून ठेवावी लागते, आणि ती केव्हां पाळावयाची हेंहि आधींच सांगून ठेवावें लागतें. या सांगून ठेवण्याची विद्या वरवर अगदीं साधी दिसते. तिच्या पोटांत मात्र तीन-चार अडचणी दडलेल्या आहेत, आणि त्या महासंगणकाला जितक्या लागू आहेत तितक्याच घरांतल्या लहान संगणकालाहि आहेत.

रात्रीं निजण्यापूर्वीं घरांतलें माणूस दोन प्रकारें उद्यांची सोय करून ठेवतें. पहाटेची गाडी गांठावयाची असली, तर घड्याळाला चारचा गजर लावतें. त्या गजराचें काम एकदां झालें कीं संपलें. दुधाचें तसें नाहीं. दूधवाल्याला ‘रोज सहा वाजतां एक लिटर’ असें एकदां सांगितलें, कीं तें सांगणें महिनोन्‌महिने चालतें. बंद करावयाचें तर पुन्हां सांगावें लागतें. संगणकाला वेळ नेमून देण्याचे प्रकारहि मुख्यतः हे दोनच आहेत.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत तयार झालेल्या ‘युनिक्स’ या प्रणालीची सातवी आवृत्ति १९७९ सालीं बाहेर पडली. तींत या दोन्ही प्रकारांची तरतूद होती. एकदांच करावयाच्या कामासाठीं ‘अ‍ॅट’, आणि पुन्हां पुन्हां करावयाच्या कामासाठीं ‘क्रॉन’. ‘अ‍ॅट’ म्हणजे इंग्रजींत ‘अमुक वाजतां’ असें म्हणतांना येणारा शब्द. ‘क्रॉन’ हें नांव काळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलें असें मानतात. १९८७ सालीं पॉल व्हिक्सी यांनीं क्रॉनची एक सुधारलेली आवृत्ति लिहिली आणि तिचाच पुढें सर्वांत अधिक प्रसार झाला. विंडोज प्रणालींत हेंच काम ‘टास्क शेड्युलर’ करतो. नांवें निरनिराळीं असलीं, तरी तत्त्व एकच आहे.

तें तत्त्व असें. संगणक चालू झाला कीं क्रॉन ही छोटीशी आज्ञावली पडद्यामागें जागी राहते. ती दर मिनिटास एकदां घड्याळाकडे पाहते, आपल्याजवळची यादी वाचते, आणि या मिनिटाला नेमलेलें एखादें काम त्या यादींत आहे का, एवढेंच तपासते. असलें तर तें काम सुरू करून देते. नसलें तर पुढच्या मिनिटापर्यंत स्वस्थ राहते. यांत कसलीहि चतुराई नाहीं. रात्रीं गस्त घालणाऱ्या पहारेकऱ्यानें दर फेरीला पाटीवरची सूचना वाचावी, तसा हा प्रकार आहे.

यादी लिहिण्याची रीति मात्र मोठी सुटसुटीत आहे. प्रत्येक ओळींत आरंभीं पांच रकाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. त्यानंतर करावयाची आज्ञा. ज्या रकान्यांत कोणतेंहि मूल्य चालेल, तेथें तारकेची खूण करावयाची. पहिल्या दोन रकान्यांत ‘३०’ आणि ‘५’ हे आंकडे आणि पुढच्या तिन्ही रकान्यांत तारका घातल्या, कीं त्याचा अर्थ ‘रोज पहाटे साडेपांच वाजतां’ असा होतो. ‘०, ९, १’ आणि पुढें दोन तारका म्हणजे ‘दरमहा एक तारखेस सकाळीं नऊ वाजतां’. तिथि, वार, नक्षत्र, योग आणि करण या पांच अंगांनीं पंचांग दिवसाचें वर्णन करतें. क्रॉनचें पंचांग त्याहून पुष्कळच बाळबोध आहे, पण पांच अंगांचेंच आहे.

तरीहि पंचांग पाहण्याची संवय असलेला माणूस येथें एका ठिकाणीं हमखास फसतो. अमावास्या सोमवारीं आली म्हणजे ती सोमवती अमावास्या. तिला दोन्ही गोष्टींचा योग लागतो, म्हणून ती वर्षांतून दोन-तीनदांच येते. कोणी त्याच समजुतीनें क्रॉनच्या यादींत तारखेच्या रकान्यांत तेरा आणि वाराच्या रकान्यांत सोमवार असें लिहिलें, तर तेरा तारखेस येणाऱ्या सोमवारींच काम होईल अशी त्याची अपेक्षा असते. क्रॉन मात्र प्रत्येक तेरा तारखेस तें काम करतो आणि प्रत्येक सोमवारींहि करतो. तारीख आणि वार हे दोन्ही रकाने भरले, तर त्यांपैकीं कोणताहि एक जुळला कीं पुरे, असा त्याचा नियम आहे. वर्षाकांठीं एक-दोनदां व्हावयाचें काम अशा रीतीनें साठाहून अधिक वेळां होतें. काम निरुपद्रवी असेल तर ठीक. पण तें जुनीं कागदपत्रें पुसून टाकण्याचें असेल, तर ही चूक महाग पडते.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. साडेपांच वाजतां म्हणजे कोणत्या घड्याळाप्रमाणें? भारतांत १९०६ सालापासून सर्व देशाची एक प्रमाणवेळ ठरली. तरी मुंबईंत १९५५ सालापर्यंत ‘बाँबे टाइम’ रेंगाळत होता आणि तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें असे. त्या काळीं मुंबईच्या पाहुण्याला भेटीची वेळ सांगतांना कोणत्या घड्याळाची तेंहि सांगावें लागे. संगणकांच्या जगांत ती स्थिति आजहि आहे. हवामानाच्या निरीक्षणांसाठीं सर्व जगानें एकच वैश्विक वेळ मानली आहे आणि भारताचें घड्याळ तिच्या साडेपांच तास पुढें चालतें. जगभरच्या वेधशाळा वैश्विक वेळेप्रमाणें शून्य वाजतांच्या सुमारास वातावरणांत फुगे सोडतात. पुण्यांत त्या वेळीं पहाटेचे साडेपांच झालेले असतात. चोवीस तासांचा पाऊस भारतांत सकाळीं साडेआठला मोजतात, कारण वैश्विक घड्याळांत तेव्हां बरोबर तीन वाजतात. या कामासाठीं ठेवलेला एखादा संगणक वैश्विक वेळेवर लावलेला असतांना कोणी भारतीय समजुतीनें ‘साडेपांच’ असें लिहून ठेवलें, तर काम होईल, पण सकाळीं अकरा वाजतां. यंत्राच्या मतें तें वेळेवरच झालेलें असेल.

ज्या पुणेकरांचीं मुलें अमेरिकेंत आहेत, त्यांना घड्याळाचा आणखी एक खेळ ठाऊक असतो. मार्चमध्यें तिकडचीं घड्याळें एक तास पुढें सरकतात आणि नोव्हेंबरमध्यें मागें येतात. मग रविवारच्या फोनची वेळ बदलते. घड्याळ पुढें नेतांना पहाटे दोन ते तीन हा तास त्या दिवशीं मुळीं उगवतच नाहीं. मागें आणतांना एक ते दोन हा तास दोनदां येतो. त्या तासांत एखादें काम नेमलेलें असेल, तर तें एका दिवशीं राहून जाण्याची आणि दुसऱ्या दिवशीं दोनदां होण्याची भीति असते. क्रॉनच्या कांहीं आवृत्त्यांत यासाठीं खास तरतूद केलेली आहे. भारतांत महायुद्धाच्या काळीं, १९४२ ते १९४५ या वर्षांत, घड्याळें तासभर पुढें नेलीं होतीं; आज येथें हा प्रसंग येत नाहीं. परंतु पुण्यांत बसून अमेरिकेंतील यंत्रें सांभाळणाऱ्या तरुणांना तो दरवर्षीं दोनदां येतो. म्हणूनच जाणते लोक अशा यंत्रांचें घड्याळ वैश्विक वेळेवर ठेवतात आणि स्थानिक वेळेचा हिशेब बाजूला करतात.

कांहीं कामांना तर कोणतेंच मानवी घड्याळ पुरत नाहीं. पुण्याच्या उत्तरेस सुमारें ऐंशी किलोमीटरवर, नारायणगांवाजवळच्या खोडद येथें, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची मोठी रेडिओ दुर्बीण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचें पुण्यांतील रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवितें. कोणत्या खगोलाकडे केव्हां वळावयाचें, किती वेळ पाहावयाचें, मध्येंच कोणत्या परिचित ताऱ्यावर मापें ताडून पाहावयाचीं, या आज्ञा तेथें आधींच लिहून ठेवाव्या लागतात. आतां, कोणताहि तारा रोज आदल्या दिवसापेक्षां ३ मिनिटें ५६ सेकंद लवकर उगवतो. पंधरवड्यांत जवळजवळ एक तासाचा फरक पडतो. ‘रोज रात्रीं नऊ वाजतां’ अशी आज्ञा दिली, तर महिन्याभरानें दुर्बीण त्याच जागीं वळेल, पण तारा दोन तास पुढें निघून गेलेला असेल. म्हणून येथें वेळ पंचांगांतून काढावी तशी दर दिवसाची निराळी काढावी लागते. कामाची खरी वेळ कोणत्या घड्याळावर ठरते, हा प्रश्न आज्ञा लिहिण्याच्या आधीं सोडवावा लागतो, हें या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

तिसरी अडचण अशी, कीं पुष्कळ कामांना वेळेपेक्षां क्रम महत्त्वाचा असतो. पाषाणच्या गणिताकडेच पाहावें. पहाटेचीं निरीक्षणें घेतलीं गेलीं म्हणजे तीं लगेच हातीं येतात असें नाहीं. फुग्यांचे, जहाजांचे, विमानांचे आणि उपग्रहांचे आंकडे देशोदेशींहून येऊन पोंचावयास कांहीं तास लागतात. ते पुरेसे जमले कीं त्यांची छाननी होते. मग त्यांवरून वातावरणाची त्या घटकेची स्थिति ठरविली जाते. मग पुढील दिवसांचें गणित सुरू होतें. आणि शेवटीं त्या आंकड्यांचे नकाशे बनतात. आंकडे सातला येतात असें धरून छाननीला सव्वासात आणि गणिताला आठ अशा वेळा नेमून ठेवल्या, आणि एखाद्या दिवशीं आंकडे साडेसातला आले, तर छाननी रिकाम्या हातानें होईल, आणि पुढचें गणित कालच्याच आंकड्यांवर निर्वेधपणें चालेल. नकाशा सुबक निघेल, त्यावर आजची तारीख असेल, आणि तो कालचा असेल.

यावरचा उपाय स्वयंपाकघरांत रोज चालतो. कुकरला तीन शिट्ट्या झाल्या कीं गॅस बंद करावयाचा असतो. आठ वाजून दहा मिनिटांनीं नव्हे. तसेंच येथेंहि ‘सव्वासात वाजतां’ असें न म्हणतां ‘आंकडे पूर्ण आल्याची खूण मिळाल्यावर’ असें सांगावें लागतें, आणि ‘अमुक वाजेपर्यंत खूण मिळाली नाहीं तर माणसाला कळवावें’ अशी पुस्तीहि जोडावी लागते. मोठ्या संगणकांवर यासाठीं रांगेची व्यवस्था असते. एक काम यशस्वी झालें तरच त्याच्या मागचें सोडावयाचें, हें त्या रांगेला सांगतां येतें. ‘अ‍ॅट’ची ‘बॅच’ नांवाची एक बहीण आहे. ती तर वेळ विचारीतच नाहीं. यंत्रावरचा भार हलका झाला कीं हातीं असलेलें काम पुढें करते.

भाराचा विचार लहान यंत्रांवरहि करावा लागतो. मध्यरात्रीचे बारा ही वेळ लिहावयास सोपी, म्हणून जो तो आपलें काम बाराला नेमतो. मग एकाच मुहूर्तावर शहरांतल्या सगळ्या मंगल कार्यालयांत लग्नें लागावीं, तशी गर्दी होते आणि सर्वांचीच पंगत लांबते. बारा वाजून सतरा मिनिटें किंवा एक वाजून त्रेचाळीस मिनिटें अशी आडवेळ घेतली, तर यंत्राला ती सारखीच.

येथवर सांगितलेल्या चुका जागेपणीं लक्षांत येण्यासारख्या आहेत. परंतु नेमून दिलेल्या कामाचा स्वभावच असा, कीं तें होतांना कोणी पाहत नसतें. हीच चौथी आणि सर्वांत मोठी अडचण. ठरल्या वेळीं यंत्र बंद असलें, तर ‘अ‍ॅट’चें काम यंत्र चालू झाल्यावर उशिरां का होईना पार पडतें, क्रॉन मात्र गेलेल्या वेळेकडे मागें वळून पाहत नाहीं. अशा बंद होणाऱ्या यंत्रांसाठीं ‘अ‍ॅनाक्रॉन’ नांवाची निराळी सोय करावी लागली. एखादें दहा मिनिटांनीं करावयाचें काम एखाद्या दिवशीं पंधरा मिनिटें चाललें, तर पहिलें संपण्यापूर्वींच दुसरें सुरू होतें आणि दोघे एकाच कागदावर लिहूं लागतात. म्हणून काम सुरू करतांना दाराला कडी लावावी आणि कडी लागलेली दिसली तर दुसऱ्यानें परत फिरावें, असा प्रबंध करतात. पुन्हां, माणूस आपल्या हातानें जी आज्ञा देतो ती त्याच्या मांडून ठेवलेल्या टेबलावर दिलेली असते. क्रॉन तीच आज्ञा रिकाम्या खोलींत देतो. कोणती वस्तु कोठें आहे हें तेथें पुरें सांगावें लागतें. दिवसा हातानें चालवून पाहिलेलें काम रात्रीं चालत नाहीं, त्याचें कारण बहुतेक वेळां हेंच असतें.

काम बिघडलें तर क्रॉन तक्रार करीत नाहीं असें नाहीं. तो यंत्रावरच्या टपालपेटींत चिठ्ठी टाकतो. परंतु ती पेटी पुष्कळ ठिकाणीं कोणी उघडीतच नाहीं. शिवाय जें काम मुळीं सुरूच झालें नाहीं, त्याची चिठ्ठी कोण टाकणार? म्हणून अनुभवी लोक उलट बाजूनें विचार करतात. काम बिघडलें तर कळवावें, एवढ्यावर न थांबतां, काम नीट झालें कीं दर वेळीं एक खूण करावी. आणि ती खूण वेळेवर दिसली नाहीं तर दुसऱ्याच एखाद्या यंत्रानें हांक मारावी. गांवाला एकट्या राहणाऱ्या वडिलांचा रोज सकाळीं आठ वाजतां फोन येत असला, आणि एके दिवशीं तो आला नाहीं, तर पुण्यांतला मुलगा शेजाऱ्याला फोन करतो. शांततेला ‘सर्व ठीक’ असें न समजतां ‘कांहीं तरी अडलें आहे’ असें समजणें, हें या विद्येंतलें मोठें सूत्र आहे.

घरांतल्या संगणकाला हें सूत्र कसें लागतें, तें सहज कळेल. लग्नकार्याचीं छायाचित्रें, जुनीं पत्रें, कराचे कागद यांची दुसरी प्रत दर रविवारीं रात्रीं आपोआप निघावी, असें पुष्कळ जण नेमून ठेवतात आणि निश्चिंत होतात. कालांतरानें प्रत ठेवण्याची तबकडी भरते, किंवा तिचें केबल कोणीतरी काढून ठेवतें. नेमलेलें काम दर रविवारीं उठतें, जागा नाहीं असें पाहतें आणि निमूटपणें संपतें. मूळ संगणक बिघडतो त्या दिवशीं मग शेवटची प्रत दोन वर्षांपूर्वींची असल्याचें कळतें. तीन महिन्यांतून एकदां त्या प्रतींतलें एखादें छायाचित्र उघडून पाहिलें असतें, तर हें आधींच दिसलें असतें. ही तपासणी यंत्राकडे सोंपवितां येत नाहीं असें नाहीं. पण तिच्याकडे अधूनमधून माणसानें पाहावें लागतेंच.

आणि कांहीं कामांत हानि छायाचित्रांपुरती राहत नाहीं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं पुण्याच्या दक्षिण भागांत अतिशय जोराचा पाऊस होऊन आंबिल ओढ्याला पूर आला. अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी या वस्त्यांत पाणी घरांत शिरलें. शहर आणि आसपासचा भाग मिळून वीसहून अधिक माणसें दगावलीं. अशा रात्रीं पावसाचे आंकडे गोळा करणें, पुढल्या कांहीं तासांचें गणित करणें आणि इशारे पाठविणें हीं कामें माणूस जागा होण्याची वाट पाहूं शकत नाहींत. तीं यंत्रांना आधींच नेमून द्यावीं लागतात, आणि तीं वेळेवर झालीं तरच त्यांचा उपयोग. पाणी ओसरल्यावर हातीं आलेला अचूक अंदाज केवळ अभ्यासाच्या कामाचा.

सिमला ऑफिसांतल्या जुन्या निरीक्षकाला झोप लागली, तर नकाशावर कोरी जागा दिसे आणि ती पाहणाऱ्याला चूक कळे. यंत्राला झोप येत नाहीं; पण त्याच्या चुकीची जागा कोरीहि राहत नाहीं, ती कालच्या आंकड्यांनीं भरून जाते. म्हणून जो कोणी यंत्राला वेळ नेमून देतो, त्यानें आज्ञेबरोबर आणखी तीन गोष्टी लिहून ठेवाव्या: ही वेळ कोणत्या घड्याळाची, या कामाच्या आधीं कोणतें काम पुरें झालें पाहिजे, आणि हें काम झालें नाहीं तर कोणाला, किती वेळांत कळेल. पहिल्या दोन गोष्टी यंत्र सांभाळूं शकतें. तिसऱ्या गोष्टीच्या शेवटीं मात्र कोणा एका माणसाचें नांव असावें लागतें.